व्हॉल्व्ह उघडला की टेम्परेचर कमी होतं म्हणे! जुन्या डेटावरून प्रोसेस मॉडेल आपोआप काढता येतं का?

साखरझोप

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे, फार वर्षं झाली नाहीत. गाळप चालू आहे. आमचा रॉ ज्यूस हीटरचा टेम्परेचर लूप (टेम्परेचर मोजून कंट्रोलर स्टीमचा व्हॉल्व्ह हलवतो ती साखळी) सारखा झोके घेतो, सेटपॉइंट म्हणजे हवं ते टेम्परेचर ७० आहे आणि पीव्ही म्हणजे मोजलेलं टेम्परेचर ६७ ते ७३ मध्ये फिरत राहतो, एक झोका साधारण चार मिनिटांचा. शिफ्ट केमिस्ट वैतागून लूप मॅन्युअलला टाकतो, मग आम्ही जाऊन परत ऑटोला टाकतो, हा आमचा रोजचा उद्योग. असे बरेच लूप आहेत, सगळे आधीच्या लोकांनी अंदाजपंचे ट्यून केलेले, कागद कुठे नाही.

आता एक सॉफ्टवेअरवाले येऊन गेले. त्यांचं म्हणणं, तुमच्या स्काडाच्या (प्लांटवर नजर ठेवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) हिस्टोरियनमध्ये, म्हणजे डेटाच्या कोठारात, मागच्या हंगामाचा सगळा डेटा पडलाय ना, तो आम्हाला द्या, आमचं एआय प्रत्येक लूपचं मॉडेल स्वतः शोधून काढेल आणि पीआयडीचे, म्हणजे कंट्रोलरच्या सेटिंगचे, आकडे देईल, प्लांटला हात पण लावायला नको. एमडी साहेब खूश झाले कारण प्लांटला हात लावायचा नाही हे त्यांना फार आवडलं.

मला ते इतकं सोपं वाटेना म्हणून मी घरी बसून पायथनमध्ये जुळवाजुळव केली. हीटरचा ऑटोमधला आठवडाभराचा डेटा घेतला, एक-एक मिनिटाचा, एका बाजूला व्हॉल्व्हचं ओपनिंग, दुसऱ्या बाजूला ज्यूसचं टेम्परेचर, आणि सरळ रेषा बसवली. उत्तर आलं उणे ०.५. म्हणजे स्टीमचा व्हॉल्व्ह १ टक्का उघडला की ज्यूस अर्धा डिग्री थंड होतो!! डिले वगैरे देऊन पाहिलं, थोडं इकडेतिकडे होतं पण चिन्ह उणेच राहतं. व्हॉल्व्ह एअर टू ओपन आहे (हवेचं प्रेशर वाढलं की उघडतो), उलटा वगैरे बसवलेला नाही, जागेवर जाऊन बघितलंय.

तर प्रश्न दोन. हे उणे कुठून आलं? आणि त्या लोकांचं सॉफ्टवेअर पण हेच करणार असेल तर पैसे पाण्यात ना?

पीएलसीत (लूप चालवणारा कंट्रोलर) ऑटोट्यूनचं, म्हणजे सेटिंग आपोआप काढायचं, बटण आहे, पण ते दाबायला कोणी देत नाही, मागे एकदा बॉयलरच्या ड्रम लेव्हलवर (ड्रममधल्या पाण्याच्या पातळीवर) कोणीतरी दाबलं होतं आणि लो लेव्हलला बॉयलर ट्रिप झाला अशी दंतकथा आहे.

तळेगावकर

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे डेअरीत पाश्चरायझरला हेच दुखणं आहे, वाचतोय.

मुक्काम_पोस्ट_डीसीएस

अरे साखरझोप, तू उणे ०.५ म्हणालास ते वाचून हसू आलं, कारण हा आकडा तुझ्या हीटरचा नाहीच. एक काम कर, त्या लूपचा पीएलसीतला प्रपोर्शनल गेन किती आहे आणि ट्रान्समीटरची रेंज किती आहे ते सांग. मग बोलू.

आणि ड्रम लेव्हलची दंतकथा मला तरी खरी वाटते, त्यावर शेवटी लिहितो.

साखरझोप

काका, गेन ३, इंटिग्रल टाइम (चूक टिकून राहिली तर व्हॉल्व्ह किती घाईने आणखी हलवायचा ते, आकडा कमी तेवढी घाई जास्त) २० सेकंद, डेरिव्हेटिव्ह शून्य. आरटीडी (टेम्परेचर सेन्सर) ट्रान्समीटर ० ते १५० डिग्री. का विचारताय?

मुक्काम_पोस्ट_डीसीएस

आता बघ. पीएलसीतला गेन बहुतेक वेळा टक्क्याला टक्के असतो. रेंज १५० डिग्रीची, म्हणजे १ डिग्री म्हणजे ०.६७ टक्के. त्यामुळे टेम्परेचर १ डिग्री पडलं की तुझा कंट्रोलर व्हॉल्व्ह ३ गुणिले ०.६७ म्हणजे २ टक्के उघडतो. उलट करून वाच, व्हॉल्व्ह १ टक्का उघडलेला दिसला तर टेम्परेचर अर्धा डिग्री पडलेलं असणार. उणे ०.५! तू हीटर मोजायला गेलास आणि मोजून आणलास कंट्रोलर, तोही उलटा. इंटिग्रल आहे म्हणून तंतोतंत बसायची गरज नाही, पण आकडा तिकडूनच आलाय.

घडतं काय, तर तुमचा ज्यूस हीटर बहुतेक इव्हॅपोरेटरच्या बॉडीच्या व्हेपरवर चालत असणार. पॅनवाल्यांनी (साखर शिजवणाऱ्यांनी) व्हेपर ओढलं की प्रेशर पडतं, ज्यूस थंड होतो, मग कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो. डेटामध्ये आधी टेम्परेचर हललंय, व्हॉल्व्ह त्याच्या मागे गेलाय. तुझ्या सरळ रेषेला कोण आधी हललं ते कळत नाही, तिला फक्त एवढं दिसतं की थंड असताना व्हॉल्व्ह उघडा असतो. आठवडाभर सेटपॉइंट ७० वरून कोणी हलवलाच नाही, मग व्हॉल्व्हने स्वतःहून काही केलं असा एक क्षण पण त्या डेटात नाही.

मी आयुष्यभर रिफायनरी आणि खतांच्या प्लांटवर हेच केलं. एमपीसी (मॉडेल वापरून पुढचं बघून चालणारा कंट्रोल) बसवायच्या आधी दिवसरात्र स्टेप टेस्ट चालायची, एकेक व्हॉल्व्ह, एकेक सेटपॉइंट थोडा वर थोडा खाली, ऑपरेटर शिव्या घालायचे. ह्यूस्टनच्या शेलवाल्यांनी सत्तरच्या दशकात डीएमसी (एमपीसीचीच एक पद्धत) काढलं तेव्हापासून हीच पद्धत. मॉडेल फुकट मिळत नाही, प्लांटला हलवावं लागतं. एआय म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, जे डेटात नाही ते कुठून आणणार.

उत्तरध्रुव

काकांच्या पहिल्या भागाला +१, शेवटच्या वाक्याला अर्धंच. मी स्वीडनमध्ये याच विषयात काम करतो म्हणून दोन पैसे टाकतो.

क्लोज्ड लूपमधल्या, म्हणजे ऑटोमधल्या, डेटावरून मॉडेल काढता येतं का यावर सत्तरच्या दशकातच भरपूर कीस पाडून झालाय, आणि उत्तर आहे की येतं, पण अटी आहेत. सेटपॉइंट मधूनमधून हलला पाहिजे, किंवा कोणीतरी मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्ह हलवला पाहिजे, किंवा कंट्रोलर पुरेसा गुंतागुंतीचा नाहीतर मध्ये बदललेला पाहिजे. आणि सरळ रेषा नाही चालत, मॉडेलमध्ये डिस्टर्बन्सचा पण भाग लागतो, एआरमॅक्स वगैरे, म्हणजे टेम्परेचरमधलं किती हलणं व्हॉल्व्हमुळे आणि किती बाहेरच्या भानगडींमुळे हे वेगळं करावं लागतं. गंमत म्हणजे ही पद्धत शुद्ध थिअरीवाल्यांनी एसीत बसून काढलेली नाही. कार्ल योहान ऑस्ट्रम तेव्हा आयबीएमच्या नॉर्डिक लॅबमध्ये होते, बिलेरूडच्या कागद कारखान्यात कॉम्प्युटर कंट्रोल बसवायचं काम होतं, कागदाचं वजन आणि ओलावा हलत राहायचा, त्यातून त्यांनी आणि बोलीन यांनी १९६५ मध्ये मॅक्सिमम लाइकलिहूडने (मिळालेला डेटा सगळ्यात संभाव्य ठरेल असे आकडे निवडून) मॉडेल काढायची पद्धत मांडली. तिकडे ओला लगदा, तुमच्याकडे ऊसाचा रस, दुखणं एकच.

आता हिस्टोरियनचा मुद्दा. ते सॉफ्टवेअरवाले सांगतात ती कल्पना अगदीच हवेतली नाही. २०१० नंतरच्या काही वर्षांत लिंकोपिंग विद्यापीठ आणि एबीबीच्या लोकांनी एका केमिकल प्लांटचा जवळपास तीन वर्षांचा, दोनशेच्या आसपास लूपचा डेटा घेऊन नेमकं हेच केलं. पण त्यांचा प्रोग्राम आधी मॉडेल काढत नाही, आधी डेटा फेकतो. व्हॉल्व्ह किंवा सेटपॉइंट पुरेसा हललाय का, त्या हलण्यात मॉडेल ठरवण्याएवढी माहिती आहे का, आणि व्हॉल्व्ह हलल्यामुळेच पीव्ही हलला असं आकड्यांवरून म्हणता येतं का, अशा चाळण्या एकामागोमाग एक लावत जातो. बहुतेक डेटा पहिल्याच चाळणीत गळतो. उरतात ते थोडे तुकडे, कोणीतरी सेटपॉइंट बदललेला, कोणीतरी मॅन्युअलला टाकलेलं. म्हणजे तुमचा तो वैतागलेला शिफ्ट केमिस्ट लूप मॅन्युअलला टाकून हाताने व्हॉल्व्ह हलवतो ना, तो तुमच्या अख्ख्या हिस्टोरियनमधला सगळ्यात कामाचा माणूस आहे!

तेव्हा विकणाऱ्यांना एवढंच विचारा, तुमचं सॉफ्टवेअर किती लूपसाठी "मला सांगता येत नाही" असं उत्तर देतं? शून्य म्हणाले तर नमस्कार करून चहा पाजा आणि पाठवा.

मुक्काम_पोस्ट_डीसीएस

उत्तरध्रुव, चाळणीचं मान्य. पण चाळायला डेटा धड असला तर. हिस्टोरियन जागा वाचवायला काय करतो माहितीय ना, ठरावीक बँडच्या आत पीव्ही हलला तर पॉइंट साठवतच नाही, आणि नंतर मागितला की दोन पॉइंट सरळ रेषेने जोडून देतो. दिसायला सुंदर ट्रेंड, पण खरा डिले, खरा वाक सगळा पुसलेला. एवढं करून आमचा साखरझोप एक-एक मिनिटाचा डेटा घेतोय. ज्या लूपचा डिले वीस-तीस सेकंद असेल त्याचा डिले मिनिटाच्या फूटपट्टीने कसा मोजणार? फ्लो लूप तर काही सेकंदांत खेळ संपवतात.

साखरझोप, जमलं तर निवडक टॅगचं कॉम्प्रेशन बंद कर आणि दोन सेकंदाने लॉगिंग लाव, डिस्क काही एवढी महाग नाही आता.

त्याआधी व्हॉल्व्ह बघ. लूप मॅन्युअलला टाकल्यावर झोके थांबतात का? थांबले तर भानगड याच लूपमध्ये आहे, ट्यूनिंग नाहीतर व्हॉल्व्ह. नाही थांबले तर बाहेरून येतंय. ग्लँड (स्टेमभोवतीचं पॅकिंग) आवळून आवळून स्टेम अडकलेला असेल तर कंट्रोलर आउटपुट करवतीच्या दातासारखं चढत राहतं आणि व्हॉल्व्ह मध्येच टुणकन उडी मारतो. अशा व्हॉल्व्हवर कुठलंही मॉडेल बसवलंस तरी ते ग्लँड पॅकिंगचं मॉडेल असेल.

साखरझोप

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मॅन्युअलला टाकल्यावर झोके थांबतात, व्हेपर प्रेशरचं सावकाश वरखाली राहतं तेवढंच. व्हॉल्व्हला स्मार्ट पोझिशनर आहे, एक-एक टक्का पुढे मागे देऊन बघितलं, फीडबॅक नीट मागे येतो.

मग चीफ केमिस्ट साहेबांना पटवलं, पॅनवाल्यांना सांगून ठेवलं की थोडा वेळ व्हेपर एकसारखं ओढा, आणि लूप मॅन्युअलला ठेवून व्हॉल्व्ह ४० वरून ४५ केला. साहेबांना ५ टक्के म्हटल्यावर काळजी वाटली होती पण काही झालं नाही. ज्यूस ६८ वरून ७१.५ वर जाऊन बसला. दोन सेकंदाचं लॉगिंग होतं. २८ टक्के बदल ५० सेकंदाला झाला आणि ६३ टक्के ११० सेकंदाला, हे मी एका जुन्या नोट्समधून वाचून काढलं, पुढचं गणित बरोबर करतोय का ते कोणीतरी बघा. परत ४० ला आणलं तेव्हाही आकडे जवळपास तेच.

पुणेरी_पीआयडी

मी बघतो, एरवी नुसता वाचत असतो.

गेन: ३.५ डिग्री भागिले ५ टक्के, ०.७ डिग्री प्रति टक्का. अधिक ०.७, बरं का, उणे नाही :)
टाइम कॉन्स्टंट (डिलेनंतर ६३ टक्के बदल व्हायला लागणारा वेळ): (११० वजा ५०) ची दीडपट, म्हणजे ९० सेकंद.
डिले: ११० वजा ९०, म्हणजे २० सेकंद.

झालं मॉडेल. आता स्कोगेस्टाडचा सिमसी नियम, २००३ चा, नॉर्वेचा माणूस, माझ्या मते जगात सर्वात कमी शाईत लिहिलेला कामाचा नियम. कंट्रोलरचा गेन म्हणजे टाइम कॉन्स्टंट भागिले [प्रोसेस गेन गुणिले (टाऊ-सी अधिक डिले)]. टाऊ-सी म्हणजे लूप किती चपळ हवा ते आपण ठरवायचं. चपळ हवा तर टाऊ-सी डिलेएवढा, २० घ्या. ९० भागिले (०.७ गुणिले ४०), म्हणजे ३.२ टक्के प्रति डिग्री. पीएलसीत टाकताना दीडने गुणायचं कारण रेंज १५० ची, ४.८ येतो. हे गुणायचं विसरून लोक डोकं फोडत बसतात. इंटिग्रल टाइम म्हणजे टाइम कॉन्स्टंट किंवा टाऊ-सी आणि डिलेच्या बेरजेची चौपट, यातलं लहान ते. इथे ९० आणि १६०, म्हणून ९० सेकंद.

गंमत बघा, तुमचा आत्ताचा गेन ३, म्हणजे यापेक्षा कमीच! सगळे गेनच्या मागे लागले असणार, झोके येतायत म्हणून कमी कर अजून कमी कर, आणि खरा चोर इंटिग्रल टाइम, २० सेकंद. नव्वद सेकंदाच्या प्रोसेसला २० सेकंदाचं इंटिग्रल म्हणजे धीर म्हणून नाही. हेच मॉडेल आणि तुमचे जुने आकडे घेऊन मी सिम्युलेशन चालवलं तर झोका साडेतीन ते चार मिनिटांचाच येतो, तुम्ही म्हणालात तेवढाच, म्हणजे मॉडेल ठीक असावं.

मी तुमच्या जागी असतो तर ४.८ एकदम टाकला नसता. टाऊ-सी ६० घेऊन गेन २.४, इंटिग्रल ९०, इथून सुरू करा.

तळेगावकर

पण मग हे सगळं हाताने केलं की राव, आपोआप कुठे झालं? पीएलसीच्या ऑटोट्यूनच्या बटणाने हेच केलं असतं ना? आमच्या पाश्चरायझरला ७२ डिग्री १५ सेकंद पाळावंच लागतं, खाली गेलं की डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध परत फिरवतो, त्यामुळे हाताने स्टेप द्यायची माझी हिंमत नाही.

उत्तरध्रुव

बटण थोडं वेगळं करतं. बऱ्याच कंट्रोलरमध्ये ऑस्ट्रम आणि हॅगलुंड यांची १९८४ ची रिलेची युक्ती किंवा तिचं कुठलं तरी भावंड असतं. पीआयडी बाजूला ठेवून व्हॉल्व्ह दोनच जागी नाचवायचा, पीव्ही सेटपॉइंटच्या खाली गेला की ५ टक्के जास्त, वर गेला की ५ टक्के कमी. लूप आपोआप एका तालात डोलायला लागतो. त्या डोलण्याचा कालावधी मिळाला आणि उंची मिळाली की अल्टिमेट गेन (ज्या गेनला लूप एकसारखा डोलत राहतो तो) निघतो: (चार गुणिले व्हॉल्व्हची उडी) भागिले (पाय म्हणजे ३.१४ गुणिले पीव्हीची उंची). समजा उडी ५ टक्के आणि पीव्ही २ टक्के वरखाली डोलला तर ३.२ च्या आसपास. जुन्या झिगलर-निकोल्सच्या पद्धतीत, १९४२ ची ती, गेन वाढवत वाढवत लूपला काठावर न्यायचे, तिथे किती उंच डोलेल याचा भरवसा नसायचा. रिलेमध्ये डोलणं आपल्या ताब्यात राहतं, आणि लूप चालूच असल्यामुळे पीव्ही सेटपॉइंटच्या आसपासच राहतो. तुमच्यासाठी म्हणूनच स्टेपपेक्षा हे बरं, उडी लहान ठेवा, आणि पहिल्यांदा सीआयपीच्या (मशीन आतून धुण्याच्या) वेळी पाण्यावर करून बघा, दूध भरण्याआधी. पाण्याचे आणि दुधाचे आकडे अगदी सारखे नसतील पण लूपचा स्वभाव कळेल.

मुक्काम_पोस्ट_डीसीएस

आता ड्रम लेव्हल. तिथे ते बटण विसरा. टेम्परेचर स्वतः कुठेतरी जाऊन थांबतं, लेव्हल थांबत नाही, पाणी वाफेपेक्षा थोडं जास्त आलं की चढतच राहते. त्यात स्वेल आणि श्रिंक (फुगणं आणि आकसणं). थंड फीडवॉटर वाढवलं की ड्रममधले बुडबुडे आकसतात आणि लेव्हल आधी खाली दिसते, मग वर जाते. साधं ऑटोट्यून पहिल्या काही सेकंदात उलटी दिशा बघून गोंधळतं, आणि तेवढ्यात मिलने लोड घेतला की झालं. तिथे थ्री एलिमेंट (लेव्हल, स्टीम फ्लो, फीडवॉटर फ्लो तिन्ही बघणारा कंट्रोल) नीट लाव, स्टीम फ्लोचा फीडफॉरवर्ड, आत फीडवॉटर फ्लोचा लूप. फ्लोचा आतला लूप ऑटोट्यूनने खुशाल कर. बाहेरचा लेव्हलचा हाताने, आणि त्यासाठी मॉडेल म्हणजे नुसता चढण्याचा वेग, १ टक्का जास्त फ्लोला मिनिटाला किती टक्के लेव्हल, बस. ड्रमचा आकार माहीत असला तर कागदावर पण निघतो.

साखरझोप

२.४ आणि ९० टाकलंय, पीव्ही एक डिग्रीच्या आत राहतोय, केमिस्टने अजून मॅन्युअलला टाकलेलं नाही. एमडी साहेबांना अजून सांगितलं नाहीये की प्लांटला हात लावला.

शेवटचा प्रश्न, सल्फिटेशनचा (ज्यूस चुना आणि सल्फरच्या गॅसने साफ करण्याचा) पीएच लूप पण असाच करू का? सेटपॉइंट ७.१ च्या आसपास. चुना आणि सल्फर दोन्ही बाजूंनी खेळ असतो.

पुणेरी_पीआयडी

नुसतं स्टेप देऊन एक गेन काढलात तर फसाल. पीएच लॉगचं माप आहे, ५.५ पाशी चुन्याचा तेवढाच डोस जेवढा हलवेल त्यापेक्षा ७ पाशी वेगळाच हलवेल. ज्यूसमध्ये बफरिंग असतं म्हणून शुद्ध ॲसिड अल्कलीएवढं भयंकर नाही, पण एक मॉडेल सगळीकडे चालणार नाही. लॅबमधून तुमच्याच ज्यूसचा टायट्रेशन कर्व्ह (किती चुन्याला पीएच किती त्याचा आलेख) काढून घ्या, आणि सेटपॉइंटच्या जवळ अगदी लहान स्टेप द्या. सल्फर बाजू तेवढा वेळ स्थिर ठेवा नाहीतर दोघांचं मिळून एक मॉडेल निघेल जे दोघांचंही नसेल.

उत्तरध्रुव

यात भर म्हणजे हे एकदाच करून फाइलला लावू नका. इलेक्ट्रोडवर थर बसला की पीएचचा टाइम कॉन्स्टंट वाढत जातो, हीटरच्या ट्यूबमध्ये स्केल बसलं की गेन ०.७ वरून खाली सरकत जातो. आपोआप मॉडेल काढण्याचा खरा फायदा मला तरी तिथे दिसतो. रोज एकदा ठरलेल्या वेळी सेटपॉइंट एक डिग्री वर, काही वेळाने खाली, पीएलसीतच प्रोग्राम करून टाका, साध्या स्क्रिप्टने गेन काढून ट्रेंड ठेवा. गेन पडायला लागला की हीटर साफ करायला कधी काढायचा ते प्रॉडक्शनवाल्यांना तुम्ही आधी सांगाल. साफ करून आल्यावर परत ०.७ च्या आसपास आला नाही तर आधी आरटीडीचा थर्मोवेल (सेन्सरची संरक्षक नळी) बघा.

साखरझोप

पुढच्या क्लीनिंगच्या आधी लावतो. पीएचसाठी लॅबवाल्यांना सांगितलंय, ते म्हणतात नो केन (ऊस नसल्याने गाळप बंद) होईल तेव्हा वेळ मिळेल.